मामाचं मानपत्र

आमच्या चारकोपच्या सेक्टरमध्ये दरवर्षी व्यसनमुक्ती सप्ताह होतो. त्याला व्यसन असलेली माणसं सोडून सगळ्यांना बोलावतात. शाळेतल्या मुलांना कागदी टोप्या घालून गल्ल्यांतून फिरवतात. सातवीतली एक मुलगी, जिच्या पोटात ग्राइप वॉटरपेक्षा कडक काही गेलेलं नाही, ती माइकवर शपथ घेते की मी आजपासून सर्व व्यसनांचा त्याग करीत आहे. टाळ्या. मग एक निवृत्त पोलीस अधिकारी सांगतात की आजची पिढी वाया चालली आहे. पुन्हा टाळ्या, मग चहा. मैदानाच्या मागच्या भिंतीला जे चार-पाच गर्दुल्ले एरवी टेकून बसलेले असतात, त्यांना त्या आठवड्यापुरतं तिथून हाकललेलं असतं, कारण पाहुणे येणार असतात.

या सप्ताहाची पत्रकं चार वर्षं मी लिहिली. कॉलेजात असताना एका संघटनेत शिरले आणि तिथे पत्रक लिहायला शिकले. अर्ध्या पानात राग, उरलेल्या अर्ध्यात हाक. ‘पण’ हा शब्द येऊ द्यायचा नाही, कारण ‘पण’ आला की वाचणारा विचार करायला लागतो, असं आम्हाला शिकवणाऱ्याने अगदी गंभीरपणे सांगितलं होतं. मी चांगली शिकले. एका वर्षी कानावर आलं की सरकारी दवाखान्यात गर्दुल्ल्यांना रोज फुकट गोळी देतात. माझं डोकंच फिरलं. एका नशेवर दुसरी नशा, तीही सरकारी! त्याच संध्याकाळी मी ओळ लिहिली, ‘गोळी नको, निर्धार हवा’. सेक्टरभर चिकटली ती. गोळी कसली, कुणाला देतात, का देतात, हे बघायला मी गेले नाही. पत्रक लिहिणाऱ्याला बघायला जावं लागत नाही. हीच तर त्या धंद्याची सोय.

आणि हे लिहिताना आमच्याच घरात, बाहेरच्या खोलीत, दिवाणावर माझा मामा झोपलेला होता.

मामा आईचा धाकटा भाऊ. आजोबा गिरणीत होते; ते गेल्यावर मामा आमच्याकडे राहायला आला तो राहिलाच. चारकोपच्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये लेथवर काम करतो. हात असा की मालक त्याला तीनदा काढून तीनदा परत घेतो. दहा वर्षं तो ब्राउन शुगर ओढत होता. आमच्याकडे त्याला गर्द म्हणतात, आणि ओढणाऱ्याला जो शब्द आहे तो मी वर वापरलाच आहे. आईच्या तोंडावर लोक तो वापरत नसत. आई जिना उतरली की वापरत.

तीन वेळा आम्ही त्याला खासगी केंद्रात ठेवलं. पहिल्या ठिकाणी त्याचं डोकं भादरलं. दुसऱ्या ठिकाणी गळ्यात पाटी अडकवून उभं केलं, ‘मी माझ्या आईचा गुन्हेगार आहे’. आजी तेव्हा जाऊन सहा वर्षं झाली होती. तिसऱ्या ठिकाणचे संचालक स्वतः पूर्वी नशेत होते आणि आता सुटले होते, आणि हीच त्यांची डॉक्टरकी. या न्यायाने ज्याचं अपेंडिक्स काढलंय त्याने दुसऱ्याचं पोट फाडायला हरकत नाही. मी त्यांना विचारलं होतं, “इथे औषध काय देता?” ते छातीवर हात ठेवून म्हणाले, “शिस्त.”

प्रत्येक वेळी मामा गाल भरलेला, कपाळाला टिळा लावलेला असा परत यायचा, आईच्या पाया पडायचा, आणि पंधरवड्यात पुन्हा सुरू. तिसऱ्या वेळी तर पंधरवडासुद्धा लागला नाही. आला त्याच दिवशी त्याने घेतलं, पूर्वी घ्यायचा तेवढंच, आणि इस्टेटच्या जिन्यात पडला. ओठ निळे झाले होते. शेजारच्या गाळ्यातल्या लोकांनी त्याला टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं म्हणून वाचला.

तिथल्या डॉक्टरीणबाई आईला आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “तीन महिने बंद होतं ना? मग शरीराची सवय गेलेली असते. सवय जाते, पण माणसाला आठवत असतं जुनंच माप. तेवढंच घेतो आणि श्वास थांबतो. बंद करून बाहेर पडलेलेच जास्त मरतात आमच्याकडे. याला पुन्हा असं एकदम बंद करायला लावू नका.”

आई मान हलवत होती. मी विचारलं, “मग करायचं काय?”

“गोळी,” त्या म्हणाल्या.

माझा चेहरा काय झाला असेल ते मला सांगता येणार नाही.

पहिल्या दिवशी मीच त्याच्याबरोबर गेले. बोरिवलीच्या बाजूला दवाखान्याच्या मागे एक खोली, सात वाजता उघडते, रविवारी बारापर्यंतच. एक सिस्टर, एक खल, एक रजिस्टर, एक बाकडं. सिस्टर गोळी खलात कुटते, “जीभ वर,” म्हणते आणि भुकटी जिभेखाली टाकते. “आता तोंड बंद. बोलायचं नाही, गिळायचं नाही, थुंकायचं नाही.” मग सगळ्यांनी बाकड्यावर बसायचं, ती विरघळेपर्यंत. एक रिक्षावाला, एक फुलवाला, एक ऑफिसची बॅग मांडीवर घेतलेला इस्त्रीचा शर्ट, माझा मामा. सगळे गप्प. एवढी गप्प माणसं मी शोकसभेतही पाहिलेली नाहीत. तिथे निदान कुणीतरी फोनवर बोलत असतं. मग सिस्टर टॉर्च घेऊन येते, “आ कर,” तोंडात बघते, विरघळली असली की, “हं, पळ.” आणि माणूस कामाला पळतो.

मी पत्रकवाली, मला गप्प बसवेना. म्हटलं, “सिस्टर, म्हणजे ही नशाच ना शेवटी?”

“झिंग आली का त्याला बघ. हिने तलफ थांबते, अंग मोडून येत नाही, एवढंच. विचार की त्यालाच.”

मामाचं तोंड बंद. त्याने मान हलवली, मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं आणि डोळे वटारले. कामाला उशीर होत होता.

पुढचे सात महिने आमच्या घरात काहीही घडलं नाही. हे वाक्य कुठल्याही पत्रकात चालणार नाही, पण मला आजवर सुचलेलं सगळ्यात चांगलं वाक्य हेच आहे. मामा सकाळी गोळीला जायचा, तिथून लेथवर, संध्याकाळी घरी. पोळी करपली म्हणून कुरकुर करायचा. टीव्हीवर क्रिकेट लावून अंपायरला शिव्या द्यायचा. आईची सोन्याची बांगडी कपाटात होती तिथेच राहिली, आणि आईने एके दिवशी त्या कपाटाला कुलूप लावायचं बंद केलं.

फक्त गोळीचा विषय निघाला की तिचा चेहरा पडायचा. ते तिला काही पटत नव्हतं. मामाला ऐकू जाईल अशा बेताने ती मला विचारायची, “अजून किती दिवस म्हणे?”

“डॉक्टर म्हणतात, बरेच. काहींना वर्षानुवर्षं.”

“मग सुटला कसला?”

“तुझी थायरॉइडची गोळी किती वर्षं चालू आहे गं?”

“तो आजार आहे.”

“आणि हा?”

“जास्त शहाणपणा शिकवू नकोस मला.”

तर अशा वेळी आमच्या रहिवासी मंडळाच्या अध्यक्षांना कल्पना सुचली. या वर्षीच्या सप्ताहात शेवटच्या दिवशी, रविवारी सकाळी, सेक्टरमधल्या ‘व्यसनमुक्त बांधवांचा’ सत्कार. शाल, श्रीफळ, मानपत्र. आमच्याकडे माणूस कशातून का वाचेना, त्याला शाल पांघरल्याशिवाय तो वाचला असं कुणी मानत नाही. अडचण एवढीच होती की बांधव सापडत नव्हते. दोन जण मिळाले, दोघंही तंबाखू सोडलेले. त्यातल्या एकाची सभेतही बोटं चुन्याने पांढरी होती. अध्यक्षांना काहीतरी वजनदार हवं होतं.

आणि मामाचं नाव मी दिलं. मीच. मला वाटलं, बघू दे यांना, उपचाराने माणूस कसा उभा राहतो ते. आणि खरं सांगायचं तर मला आईला एकदा त्या मैदानात पुढच्या रांगेत बसलेली बघायचं होतं.

मानपत्रही मीच लिहिलं. त्यात एक ओळ होती, ‘शासकीय दवाखान्यातील नियमित औषधोपचाराने’. अध्यक्षांच्या घरी वाचून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत होते. निवृत्त झाल्यापासून ते सगळंच डोळे मिटून ऐकतात.

“बेटा, भाषा काय गं तुझी! झकास. फक्त ही एक ओळ काढू.”

“का, काका?”

“अगं, गोळी चालू असताना माणूस मुक्त कसा म्हणायचा? उद्या कुणी उठून विचारलं तर?”

“तुम्ही नाही का शुगरची गोळी घेत?”

“ते वेगळं. शुगरसाठी मी कधी चोऱ्या केल्या नाहीत.”

फ्रिजमधल्या बर्फीवर डल्ला मारताना काकूंनी त्यांना दोनदा पकडल्याचं आख्ख्या मजल्याला माहीत होतं. काकू तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या होत्या. पण मी बोलले नाही. काकांनी पेन काढलं, माझी ओळ खोडली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, ‘केवळ आपल्या निर्धाराच्या बळावर संपूर्णपणे व्यसनमुक्त झालेले’.

“निर्धार. तुझाच शब्द,” ते म्हणाले. “तुझं ते पत्रक मी अजून ठेवलंय.”

मी भांडायला हवं होतं. रस्त्यावर मी कुणाशीही भांडते, रिक्षावाल्याशी, वॉर्ड ऑफिसरशी. तिथे मी म्हटलं, “ठीक आहे.” एक ओळ तर आहे. गोळीचं कुणाला कळायची गरजच काय, असंही वाटलं. जिला सात महिने आईला पटवता आलं नव्हतं, तिला एका मिनिटात गप्प राहणं पटलं.

त्या संध्याकाळी मी ते मामाला वाचून दाखवलं. तो ताट पुढ्यात घेऊन बसला होता. ऐकून म्हणाला, “‘संपूर्णपणे’ म्हणजे?”

“अरे मामा, मानपत्रात असंच लिहितात.”

“म्हणजे खोटं?”

“खोटं नाही रे. भाषा असते ती.”

“बरं,” म्हणाला आणि आमटी वाढून घेतली.

मी विसरले की मामा लेथवाला आहे. त्याच्या कामात कागदावर एक माप असतं आणि हातातला तुकडा, त्यांच्या भाषेत जॉब, त्या मापाचा असतो किंवा नसतो. नसला तर भंगारात. ‘भाषा’ नावाची तिसरी सोय त्याच्या टेबलावर नाही. कागदावर संपूर्ण लिहिलंय, तर तुकडा तसा करायला हवा, एवढंच त्याला कळलं.

पुढचे दिवस मी छपाईवाल्याकडे. मामाला सर्दी झालीय असं वाटत होतं, नाक सारखं गळायचं. चिडचिडा झाला होता. रोज सकाळी त्याच वेळेला घरातून निघायचा, त्यामुळे कुणाला काही शंका नाही. सिस्टरचे मला तीन मिस्ड कॉल होते. मामाच्या कार्डवर नातेवाईक म्हणून माझा नंबर आहे. मी मनात म्हटलं, पत्रकं मागत असतील, सावकाश करू. जगात सगळे आपल्याकडे पत्रकंच मागायला फोन करतात, असा आमच्यासारख्यांचा समज असतो.

रविवारी सकाळी मंडप भरला. आई पुढच्या रांगेत, ठेवणीतली साडी नेसून. मामा स्टेजवर, तंबाखूवाल्या दोघांच्या मध्ये. निवेदन सुरू झालं आणि माझा फोन वाजला. सिस्टर. मी मंडपाच्या कडेला जाऊन घेतला.

“अगं, उचलत का नाहीस? मामा कुठाय तुझा?”

“स्टेजवर आहे. सत्कार चाललाय त्याचा.”

“कसला?”

“व्यसनमुक्तीचा.”

पलीकडे तिने रजिस्टरचं पान उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “अकरा दिवस झाले, तो इथे आलेला नाही. हे बघ, अंग मोडून येत असेल त्याचं, झोप नसेल. आता याने बाहेर जाऊन जुनं माप घेतलं ना, तर परत जिन्यातच सापडेल. आणि दरवेळी टेम्पो मिळत नाही. मी बारापर्यंत आहे. घेऊन ये.”

मी वळून स्टेजकडे पाहिलं, आणि आता मला सगळं दिसायला लागलं. मामा जांभया देत होता. एकामागून एक, जबडा निखळेल अशा. हातावर काटा उभा होता, गर्मीत. कपाळ ओलं. पाय सारखे हलवत होता, जागेवरच चालल्यासारखे. माझ्या पुढची बाई शेजारणीला म्हणाली, “बघा, सत्काराला बसलाय आणि जांभया देतोय. संस्कारच नाहीत.” अध्यक्षांनी त्याच्या खांद्यावर शाल टाकली तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाकातूनही. अध्यक्ष माइकवर म्हणाले, “पाहा, आनंदाश्रू! माणसाला नवा जन्म मिळाला की असे अश्रू येतात! मित्रहो, आपल्या सेक्टरच्याच एका लेकीने लिहिलंय, गोळी नको...”

आणि मंडपातून शे-दीडशे माणसं एका सुरात ओरडली, “निर्धार हवा!”

आई टाळ्या वाजवत होती.

फोटो झाले. एक फोटो, दुसरा फोटो, नगरसेवकाच्या माणसाबरोबर तिसरा, चुना लावलेल्या बोटांसह चौथा. मी खुर्च्यांमधून वाट काढत स्टेजशी पोचेपर्यंत लोक जेवणाच्या रांगेकडे वळले होते आणि मामा नव्हता. कुणी म्हणालं, हात धुवायला गेला. मी आधी मैदानामागच्या भिंतीकडे धावले. सप्ताहामुळे तिथे कुणीच नव्हतं. मग इस्टेटकडे.

इस्टेट रविवारी बंद. मामा त्याच्या गाळ्याच्या शटरखालच्या पायरीवर बसला होता. शाल घडी करून मांडीवर, तिच्यावर नारळ, त्यावर मानपत्र. श्वास चालू आहे ना, हे मी आधी पाहिलं.

“मामा. अकरा दिवस?”

“सिस्टरने सांगितलं?”

“का रे असं केलंस?”

“तूच लिहिलंस ना. संपूर्णपणे.” तो हसायला गेला आणि जांभई आली. “खोटा कागद कसा घ्यायचा एवढ्या लोकांसमोर? ताई बसली होती समोर.”

“मग मला सांगायचंस तरी.”

“तू म्हणाली असतीस, भाषा आहे.”

मी त्याच्या शेजारी पायरीवर टेकले.

“पाय तुटतायत गं,” तो म्हणाला. “आतून कुणीतरी पाना लावून पिळतंय असं वाटतं. चार रात्री डोळा नाही.”

“चल. सिस्टर बारापर्यंत आहे.”

“आता? हे हातात घेऊन गोळीला बसू?”

“फाडून टाक ते.”

“फाडायचं कशाला? आपला नाही तो जॉब, आपल्या मापात बसत नाही. परत देऊन येऊ.” आणि तो उठला. मी त्याला म्हणत होते की जाऊ दे, वेळ नाही, अकरा वाजून गेले. तो ऐकेना. लंगडत निघाला, नारळ काखेत धरून.

मंडपात मसालेभाताची रांग लागली होती. आई पत्रावळ वाढून घेऊन त्यालाच शोधत होती. आई आणि मामा आपसात मालवणी बोलतात, विशेषतः रागात. “खंय होतस रे? जेवाण थंड झाला.”

मामाने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “ताई, माजी गोळी मी बंद केलेलंय. अकरा दिस झाले. आता परत सुरू करूक जातंय.”

आईने पत्रावळ कुणाच्या तरी खुर्चीवर ठेवली, त्याचा हात धरला, आणि त्याच्या दंडावरून तळवा फिरवला, काटा उभा होता त्यावरून. टेम्पोतून उतरवलेला, निळ्या ओठांचा भाऊ तिने पाहिलेला होता. मी नव्हता पाहिला. मी तेव्हा व्यसनाविरुद्धच्या मोर्चात होते, दवाखान्यात नंतर पोचले.

मामा अध्यक्षांच्या टेबलाशी गेला आणि शाल, नारळ, कागद असं ओळीने ठेवलं. “साहेब, हे माझं नाही. माझं औषध चालू राहणार आहे.”

अध्यक्षांच्या हातात जिलबी होती. “अरे, असं काय करतोस? बस, जेव आधी.”

“नको. दवाखाना बंद होईल.”

“पण आता कसं... फोटो गेला ना ग्रुपवर!” ते माझ्याकडे वळले. “बेटा, समजाव याला. फोटो गेला. खाली लोकांनी अंगठे दिलेत.”

एका माणसाचा श्वास उद्या चालू राहील की नाही असा प्रश्न होता, आणि चाळीस वर्षं सरकारी फायलींवर सह्या केलेला तो गृहस्थ अंगठ्यांची काळजी करत होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई म्हणाली, “साहेब, तुमचो फोटो तुमका ऱ्हवांदे. माका माझो भाव होयो.” आणि ठेवणीतल्या साडीत ती रस्त्यावर जाऊन रिक्षाला हात करायला लागली.

बारा वाजायला दहा मिनिटं होती. सिस्टर दारातच उभी होती. तिने मामाला पाहिलं आणि फक्त, “ये, सत्कारमूर्ती,” एवढंच म्हणाली. आतले डॉक्टर तरुण होते, कंटाळलेल्या चेहऱ्याचे. नाडी पाहिली, डोळ्यांत टॉर्च मारला.

“मधल्या काळात काही घेतलंस?”

“नाही.”

“घेणार होतास?”

मामाने आईकडे पाहिलं. “हो.”

“आहे जवळ?”

मामाने खाली वाकून उजव्या पायातला मोजा काढला. कागदाची छोटी पुडी होती. मला माहीत नव्हतं. अर्धा तास मी त्याच्या शेजारी होते आणि मला माहीत नव्हतं.

“सकाळीच आणली,” तो म्हणाला. “म्हटलं, कागद हातात घेईपर्यंत खरं राहायचं. मग बघू.”

“किती घेणार होतास?”

“नेहमीचंच.”

डॉक्टरांनी लिहायचं थांबवलं. “नेहमीचं घेतलं असतंस तर उद्या मला तुझी फाइल बंद करावी लागली असती,” ते म्हणाले, आणि पुन्हा लिहायला लागले. सिस्टरने पुडी उचलली, बेसिनमध्ये रिकामी केली आणि नळ सोडला. कुणी भाषण केलं नाही. कुणी शपथ घ्यायला लावली नाही. डॉक्टरांनी फक्त सांगितलं की पुन्हा थोड्यापासून सुरू करावं लागेल, आज दोन तास इथे बसून राहा, आणि उद्या या. आई बाकड्यावर त्याच्या शेजारी बसली. तिला सांगावं लागलं नाही, तरी तीही तोंड मिटूनच बसली होती.

पुढच्या आठवड्यात सेक्टरच्या नाक्यावर मोठा फ्लेक्स लागला. वरती नगरसेवक, मध्ये अध्यक्ष, खाली मामा, शाल पांघरलेला, डोळ्यांतून पाणी. ‘निर्धाराचा विजय’. आई काढायला सांगायला गेली तर अध्यक्ष म्हणाले, परवानगी महिन्याची आहे. वर मला निरोप, सप्ताहाचा अहवाल लिहून दे. मी लिहून दिला नाही. याचं मला कौतुक नको आहे. न लिहिणं फार सोपं असतं. मामा रोज सकाळी त्या फ्लेक्सखालूनच गोळीला जात होता.

त्या फ्लेक्सचं एकच काम झालं, आणि ते अध्यक्षांना कळलं तर त्यांना घेरी येईल. भिंतीपाशी बसणाऱ्यांपैकी एक जण, मामाच्या जुन्या ओळखीचा, इस्टेटच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, “पोस्टरवर तूच ना रे? कसा सुटलास? मला पण सांग.” मामा त्याला म्हणाला, “सुटलेलो नाही. गोळी घेतो. येतोस का?” दुसऱ्या दिवशी घेऊन गेला.

तो माणूस सहा दिवस आला आणि सातव्या दिवसापासून आला नाही. सिस्टरने त्याच्या बहिणीला फोन केला, तिने उचलला नाही. आज रविवार आहे. मामा गोळी घेऊन आला, चहा प्यायला आणि चपला घालायला लागला. मी विचारलं, कुठे? म्हणाला, त्याला बघून येतो, भिंतीपाशी नसेल तर स्टेशनच्या पुलाखाली असेल. मी म्हटलं, थांब, एवढं लिहून झालं की मी पण येते.

“तू लिही,” तो म्हणाला, “मी होतो पुढे.” आणि जिना उतरून गेला.